पहिले पाच नग

भिमाजी नानांनी कंपनीत कुणाला काही विचारल्याचं कुणालाच आठवत नव्हतं. विचारायचं ते नानांना. मशीन नखरे करायला लागलं की नानांना विचारा, मालावर चट्टा आला की नानांना विचारा, कँटीनमध्ये आज उसळ कसली आहे हेसुद्धा नानांनाच विचारा. चाकणच्या त्या कारखान्यात गाड्यांच्या डॅशबोर्डवरच्या जाळ्या बनायच्या, एसीची हवा जिच्यातून तोंडावर येते ती जाळी. प्लास्टिकचा दाणा वरून ओतायचा, तापलेल्या बॅरलमधून तो वितळून साच्यात शिरायचा आणि पलीकडे जाळी पडायची. त्या सबंध मोल्डिंग शॉपचे सुपरवायझर म्हणजे नाना.

आता खरं सांगायचं तर नानांना सगळंच ठाऊक होतं असं नाही. सगळं कुणाला ठाऊक असतं? पण ठाऊक नसेल तेव्हा काय करायचं, हे मात्र त्यांना पक्कं ठाऊक होतं. ते मशीनच्या दारावरून हात फिरवत, भुवया आवळत, "बघतो मी" म्हणत आणि निघून जात. थोड्या वेळाने इकडून तिकडून काहीतरी जमवून परत येत, नाहीतर तोवर मशीन आपसूकच ताळ्यावर आलेलं असे. झाकली मूठ सव्वा लाखाची, हा त्यांचा कारभार.

मूठ झाकायला कारणही घडलं होतं. पुनावळ्यातून, शेतातल्या कामातून उठून भिमाजी नावाचा पोरगा या कंपनीत लागला, त्या पहिल्याच आठवड्यात त्याने सगळ्यांदेखत विचारलं होतं, "हा दाणा ड्रायरमदी वाळवायचा कशाला? ओला तर दिसत न्हाई." डिप्लोमावाली पोरं खो खो हसली. "आला रे आला, ज्वारी वाळवणारा आला!" त्याला काम शिकवणारे उस्ताद उद्धवराव तेवढे हसले नाहीत. "दुपारी ये, सांगतो," एवढंच ते म्हणाले. पण भिमाजी दुपारी गेलाच नाही. कान असे तापले होते की ते उत्तर नको आणि ते हसणंही नको. त्या दिवसापासून त्याने दाणा वाळवला, पुढे नाना झाल्यावर दुसऱ्यांकडून वाळवून घेतला, पण का वाळवायचा ते कधी विचारलं नाही.

आणि अशा माणसाच्या शॉपमध्ये यंदा सोबती आला.

सोबती म्हणजे टॅबमध्ये बसलेली एआय. प्रत्येक मशीनजवळ एक टॅब स्टँडवर लावला होता. त्याला मराठीत विचारायचं, तो मराठीत सांगणार. लिहिता येत नसेल तर नुसतं बोललं तरी चालतं. हे सगळं शिकवायला पूनम मॅडम आल्या होत्या. पिंपळे गुरवच्या, तिशीतल्या, आवाजाने खणखणीत. कँटीनच्या वरच्या खोलीत त्यांचा वर्ग भरायचा.

"यात मूर्ख प्रश्न नसतो," मॅडम म्हणाल्या. "काहीही विचारा. फक्त एक लक्षात ठेवा. हा कधीकधी खोटंसुद्धा अगदी ठासून सांगतो. म्हणून उत्तर आलं की ते जाणत्या माणसाकडून तपासून घ्यायचं, नाहीतर मशीनवर करून बघायचं. समजलं का सगळ्यांना?"

"हो मॅडम!" सगळा वर्ग एका सुरात.

"काही शंका?"

"नाही मॅडम!"

या 'हो मॅडम'चा अर्थ 'चहाला सोडा' असा होतो, हे मॅडमना एव्हाना कळलं होतं. त्यांनी सुस्कारा टाकला आणि पुढचं सांगितलं. प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन मिळेल. त्यावरून कोण काय विचारतं ते मॅडमना कळेल. जो सगळ्यांत चांगलं विचारेल तो मार्गदर्शक होईल आणि बाकीच्या शेडमध्ये जाऊन शिकवेल.

"म्हंजी आता नानांना सुट्टी!" मागून कुणीतरी पुटपुटलं आणि खसखस पिकली. नानाही हसले. बोलणारा गमतीत बोलला होता, पण खरं तेच बोलला होता. सगळं हा टॅबच सांगायला लागला तर आपल्याला विचारणार कोण? आणि विचारणारच नसतील तर शेडमध्ये आपण करायचं काय, पंख्याखाली उभं राहायचं?

तरी नानांनी स्वतःचं लॉगिन एकदा उघडून बघितलं. पडद्यावर ठळक अक्षरं आली: 'नमस्कार, भिमाजी!'

नानांनी इकडेतिकडे पाहिलं. भिमाजी? त्यांच्या सख्ख्या मेहुण्याची त्यांना नुसतं भिमाजी म्हणायची छाती नव्हती, आणि हा कालचा आलेला टॅब? त्यांनी लॉगिन बंद केलं ते पुन्हा उघडलं नाही.

पण माणसाचं कुतूहल असं लॉगिन बंद केल्यासारखं बंद होत नाही. कोपऱ्यातल्या मशीनवर इम्तियाज काम करायचा. हात सोन्यासारखा, तोंडाने मितभाषी. पहिल्या दिवशी मॅडमनी त्याचं लॉगिन उघडून दिलं होतं ते त्याने बंदच केलं नव्हतं. आमच्या शेडमधली रीतच तशी आहे, एकाचं उघडं असलं की सगळी लाइन त्यावर भागवते. इम्तियाज चहाला गेला होता. पडद्यावर लिहिलं होतं: 'नमस्कार, इम्तियाज!'

नाना थबकले. हे बरं होतं की. इथे विचारणारा इम्तियाज होता, नाना नव्हते. त्यांनी एका बोटाने अक्षरं शोधत लिहिलं: प्लास्टिकचा दाणा वाळवायचा कशाला? ओला तर दिसत नाही.

टॅब हसला नाही. त्याने सांगितलं की नायलॉनसारखा दाणा हवेतलं पाणी पितो, डोळ्यांना ते दिसत नाही, पण तापल्यावर त्याच पाण्याची वाफ होते आणि मालावर चंदेरी पट्टे उमटतात. पावसाळ्यात जास्त पितो.

पितो! नानांनी डब्यातला मूठभर दाणा उचलून उजेडात धरला. आयुष्यभर हाताळलेला दाणा त्यांनी पहिल्यांदाच बघावा तसा बघितला. अस्सं होय रे लबाडा. पावसाळ्यात पट्टे वाढतात हे नानांना दरसालचं ठाऊक होतं, पण ते दाण्याच्या पिण्यामुळे, हे आज कळलं. त्यांना इतका आनंद झाला की तो कुणालातरी सांगावासा वाटला, आणि सांगायची तर सोय नव्हती.

मग काय, नानांना चटकच लागली. इम्तियाज चहाला, जेवायला, नमाजाला गेला की नाना कोपऱ्यातल्या मशीनची 'पाहणी' करायला हजर. साचा गार करायला पाणीच का, तेल का नाही? जाळी साच्यातून निघाल्यावर आक्रसते ती किती वेळ? मग गाडी रुळावरून सुटली. समुद्राचं पाणी खारट, मग नदीचं का नाही? मांजराच्या मिशा कापल्या तर काय होतं? पुनावळ्यात आमच्या घराच्या गच्चीवर कुंडीत हापूस येईल का? बारा मजली इमारतीवर कावळा घरटं का बांधत नाही? तुला कुणी शिकवलं? तू 'ठाऊक नाही' असं कधी म्हणतोस?

एकदा त्यांनी मुद्दाम आपल्या गावच्या जत्रेचा महिना विचारला. सोबतीने छातीठोकपणे भलताच महिना सांगितला. नाना एकटेच खुदकन हसले. "म्हंजी तू बी आमच्यातलाच व्हय रं," ते टॅबला म्हणाले. त्या दिवसापासून त्यांना तो अधिकच आवडू लागला.

आणि मग सोमवारी सकाळी, शिफ्ट सुरू होण्याआधीच्या मीटिंगला पूनम मॅडम कागद घेऊन आल्या. चेहरा उजळलेला. "सगळ्यांनी सोबती वापरला म्हणून सांगता, पण बहुतेकांनी नुसतं 'हॅलो' लिहून सोडलंय. एकच माणूस खरं शिकलाय. ऐका त्याचे प्रश्न." आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली.

दाणा, साचा, मिशा, मीठ. माणसं हसू लागली, पण चांगलं हसू, मान डोलावत हसू. नानांच्या पायाखालची फरशी मात्र हलत होती.

"पुनावळ्यात आमच्या घराच्या गच्चीवर कुंडीत हापूस येईल का?" मॅडम वाचत होत्या. "किती मोकळेपणाने विचारलंय बघा! इम्तियाज, पुढे ये. टाळ्या!"

इम्तियाज पुढे आला. तो कुदळवाडीत पत्र्याच्या खोलीत राहायचा. त्याला ना गच्ची होती ना पुनावळं. त्याने एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा टाळ्या वाजवणाऱ्या माणसांकडे, आणि मग सरळ नानांकडे. नानांनी मान खाली घातली आणि इम्तियाजला सगळं कळलं. पण तो बोलला नाही. ज्या माणसाने त्याच्या हाताला वळण लावलं, त्याची मूठ तो चारचौघांत कशी उघडणार?

"शुक्रवारी हेड ऑफिसचे साहेब येणार आहेत," मॅडम म्हणाल्या. "इम्तियाज त्यांना दाखवेल, कसं विचारायचं ते. मग तोच आपला मार्गदर्शक."

त्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर इम्तियाजने नानांना गेटबाहेरच्या टपरीवर गाठलं. दोन कटिंग सांगितले. बराच वेळ दोघंही समोरच्या रस्त्यावर अडकलेल्या कंटेनरांकडे बघत बसले, जणू त्यांची मोजदाद ठेवायचं काम दोघांकडेच होतं.

"नाना," शेवटी इम्तियाज म्हणाला, "एखाद्या माणसाला प्रश्नच सुचत नसेल, तर त्याने शुक्रवारी काय करायचं?"

"न्हाई जमायचं म्हणून सांगायचं मॅडमला."

"मग त्या विचारतील, हे प्रश्न कुणाचे?"

नानांनी चहाचा घोट घेतला. तो फार गरम होता, पण त्यांनी तो तसाच गिळला.

"तुम्हीच एक प्रश्न द्या," इम्तियाज म्हणाला. "मी तो विचारतो. एवढ्यावर भागेल."

नानांनी विचार केला. शुक्रवारचं निभावेल असा, कामाचा, साहेबाला पटेल असा प्रश्न हवा होता. "ह्ये इचार," ते म्हणाले. "सुट्टीनंतर मशीन चालू केलं की पयले पाच नग फेकून द्यायचे, ते का?"

हा शेडचा कायदाच होता. चहाची सुट्टी झाली, जेवण झालं, की पहिल्या पाच जाळ्या भंगारात. नानांनीच तो सगळ्यांना शिकवला होता, सगळ्या मशीनवर.

"झकास," इम्तियाज म्हणाला. "बॅरलमध्ये बसून माल करपतो म्हणून, ते कळतं. पण पाचच का? ते तुम्हाला ठाऊक असेलच."

"हां," नाना म्हणाले. "म्हंजी काय."

"मग उत्तर बरोबर की चूक ते तुम्हीच सांगा साहेबांपुढे. मॅडम म्हणतात ना, जाणत्या माणसाकडून तपासून घ्या." इम्तियाजने हे इतक्या साधेपणाने म्हटलं की तो मुद्दाम म्हणतोय की काय हे नानांना कळेना. पुढे कित्येक दिवस कळलं नाही. मला विचाराल तर तो मुद्दामच म्हणत होता.

शुक्रवारपर्यंत नानांचं जेवणात लक्ष लागेना. बायकोने, शालनबाईंनी, दोनदा विचारलं, "काय झालंय?" दोन्ही वेळा नाना म्हणाले, "बघतो मी." यावरून त्या बाईंना काय कळायचं ते कळलं.

पाचच का? पाच फेकायचे, एवढंच त्यांना उद्धवरावांनी दाखवलं होतं. उस्तादाने पाच जाळ्या फेकल्या, भिमाजीनेही पाच फेकल्या. का ते विचारायला दुपारी जावं लागलं असतं, आणि दुपारी जाणं तर कधीचंच बंद झालं होतं.

शुक्रवारी कोपऱ्यातल्या मशीनभोवती गर्दी जमली. साहेब, पूनम मॅडम, सगळी शिफ्ट. इम्तियाज टॅबपुढे उभा राहिला आणि त्याने प्रश्न मोठ्याने बोलून विचारला. सोबतीने सांगितलं की सुट्टीत बॅरलमध्ये थांबलेला माल तापून खराब होतो, म्हणून सुरुवातीचे नग बाजूला काढतात. पण किती काढायचे याचा एकच आकडा नसतो. बॅरल केवढं, एका जाळीला माल किती लागतो, मशीन किती वेळ थांबलं, यावर ते ठरतं. पाच हा आकडा या मशीनसाठी कसा ठरला हे मला माहीत नाही, तिथल्या जाणत्या माणसाला विचारा.

सगळ्या माना एकदम नानांकडे वळल्या. अशा माना वळायची नानांना सवय होती. एरवी त्यांना ते आवडायचंही.

"नाना," पूनम मॅडम म्हणाल्या, "कसा ठरला आकडा?"

नानांचा हात आपोआप मशीनच्या दारावर गेला. भुवया आवळल्या. 'बघतो मी' अगदी ओठावर आलं होतं. म्हटलं असतं तर साहेबांनी मान डोलावली असती, टाळ्या झाल्या असत्या आणि इम्तियाज दुसऱ्याचे प्रश्न पाठीवर घेऊन शेडशेड हिंडला असता. नानांनी त्याच्याकडे पाहिलं. तो शांतपणे वाट बघत होता, उत्तराचीच.

"मला ठाऊक न्हाई," नाना म्हणाले.

त्यांनी दारावरचा हात काढून घेतला.

"मला कदीच ठाऊक नव्हतं. उस्तादानं पाच फेकले, मी पाच फेकले, तुमाला बी फेकायला लावले." आणि मग, मूठ उघडलीच आहे तर पुरती उघडू दे, असं म्हणून त्यांनी उरलेलंही सांगून टाकलं. "आणि मॅडम, ते परश्न माजे हायेत. हापूस पण माजाच. ह्यो इम्तियाज गुमान राह्यला, माज्यासाठी."

कुणीतरी हसेल म्हणून नानांनी मान खाली घातली. कान तापायला लागले होते, अगदी त्या पहिल्या आठवड्यासारखे. पण हसू आलं नाही. आलं ते ज्योतीरामचं बोलणं. हा लाइनवरचा सगळ्यांत जुना माणूस, नानांच्या खालोखाल. "आयला," तो म्हणाला, "आमाला वाटलं तुमाला ठाऊक हाय, म्हणून आमी इचारलं न्हाई."

"मला वाटलं उस्तादाला ठाऊक हाय."

साहेब हसले, पण नानांना नाही. "मग बघू या का करून?" ते म्हणाले. "आता मशीन थांबवा, सगळे चहा घेऊन येऊ."

साहेबासकट सगळी मंडळी चहाला गेली. परतल्यावर इम्तियाजने मशीन चालू केलं आणि पडेल ती जाळी नानांनी ओळीने टेबलावर मांडली. सगळे असे टक लावून बघत होते, की जाळ्या कसल्या, जणू अंड्यातून पिल्लं बाहेर पडतायत. पहिली तपकिरी. दुसरीवर डाग. तिसरी स्वच्छ, आणि पुढच्याही स्वच्छ. "म्हंजी तीन फुकट!" ज्योतीराम ओरडला. पण शेजारच्या मोठ्या मशीनवर करून बघितलं तर सातव्या जाळीवरही पुसट पट्टा होता. तिथे पाच फेकून खराब माल पुढे जात होता. मग तिसऱ्या मशीनवर काय, म्हणून माणसं आपणहून पळाली. पूनम मॅडम कडेला उभ्या होत्या. आज त्यांनी 'समजलं का' असं एकदाही विचारलं नाही. ज्योतीरामच त्यांच्याकडे आला आणि जरा घुटमळून म्हणाला, "मॅडम, मला लॉगिन म्हंजी काय तेच कळलं न्हाई अजून." मॅडमना एवढा आनंद झाला की त्यांनी त्याला बसायला स्वतःची खुर्ची दिली.

मार्गदर्शक कोण, ते मॅडमनी तिथेच ठरवलं. नानांनी विचारायचं, इम्तियाजने करून दाखवायचं, दोघांनी मिळून शेडमध्ये फिरायचं.

संध्याकाळी पुनावळ्याला जाणाऱ्या कंपनीच्या बसमधून नाना वाटेत रावेतलाच उतरले. उद्धवराव आता तिथे मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायचे. बाल्कनीत खुर्ची टाकून बसले होते, खूप थकलेले, पण डोळे तेच.

नानांनी पाया पडून एकदम विचारलं. आता विचारायला अवघड जात नव्हतं. "उस्ताद, पयले पाच नग फेकायचे, ते पाचच का?"

उद्धवरावांना आठवलं. "अरं, ते आपल्या त्या जुन्या मशीनपुरतं. तिच्यावर सहावा चांगला निघायचा. दुसऱ्या मशीनीवर तुझं तू बघशील, न्हाईतर इचारशील, असं वाटलं मला."

"मी इचारलंच न्हाई."

"न्हाईच इचारलंस." म्हातारा हसला आणि मग एकाएकी गंभीर झाला. "दाण्याचं इचारलं व्हतंस तू एकदा. दुपारी ये, सांगतो म्हटलं व्हतं. डबा उघडून बसलो व्हतो मी, शेडच्या मागं, लिंबाखाली. तू आलाच न्हाईस."

नानांना इतकी वर्षं तेवढं हसणंच ऐकू येत राहिलं होतं. लिंबाखाली कुणी डबा उघडून आपली वाट बघत बसलं असेल, हे कधी मनातच आलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत.

दाणा का वाळवायचा ते नानांना आता ठाऊक होतं. पण त्यांनी प्लास्टिकचं स्टूल ओढलं आणि उस्तादाच्या पायाशी बसले.

"आता सांगा," नाना म्हणाले. "दाणा वाळवायचा कशाला?"